मादीचा एकांत आणि मादीचं वय: बंदिवासात चित्ते सांभाळणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
चित्ते बाळगणारी प्राणिसंग्रहालये व प्रजनन केंद्रे यांचे संचालक, पशुवैद्य, जोड्या ठरवणारे वंशावळ-नोंदणीकार आणि रोज कुंपणापाशी उभे राहणारे कर्मचारी यांस,

सप्रेम नमस्कार.

जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत चित्त्यांची एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. अकबराने हजार चित्ते जमवले होते आणि त्यांनी जोड्या कराव्यात अशी त्याची फार इच्छा होती. नर-माद्या बागेत एकत्र सोडूनही पाहिल्या, पण काही जमलं नाही. पुढे जहांगीराच्या काळात एका नराने गळ्यातला पट्टा सोडवला, तो आपणहून एका मादीकडे गेला आणि तिला तीन पिल्लं झाली. अडीच महिन्यांनी झाली असं तो लिहितो. खरे दिवस तीन महिन्यांच्या वर भरतात, तेव्हा मोजणी कुठेतरी चुकली असावी. त्यानंतर बंदिवासातल्या जन्माची ठळक नोंद सापडते ती थेट १९५६ची, फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली, आणि ती पिल्लं जगली नाहीत.

माणसाने गाठ घालून दिली तेव्हा फसलं आणि जनावर आपणहून गेलं तेव्हा जमलं, हे त्या नोंदीत स्पष्ट लिहिलेलं आहे. तरीही आज कितीतरी आढाव्यांत तेच तीन शेरे दिसतात: नराचं वीर्य निकृष्ट, मादी माजावर येत नाही, जोडी निष्फळ. मग जोडी बदलली जाते, वर्ष जातं, आणि मादी नऊ वर्षांची होते. हे पत्र त्या वाया जाणाऱ्या वर्षांसाठी आहे.

नराला दोष देणं सोपं जातं, कारण आकडे हाताशी असतात. १९८०च्या दशकात डेव्हिड विल्ट, स्टीफन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्त्याचं वीर्य तपासलं तेव्हा सत्तर टक्क्यांच्या आसपास शुक्राणू बेढब निघाले. कुणाची शेपटी गुंडाळलेली, कुणाचा मधला भाग वाकलेला, कुणाच्या डोक्यावरची टोपी वेडीवाकडी. घरच्या मांजरात हे प्रमाण तिशीच्या घरात असतं. नात्यात नसलेल्या चित्त्यांची कातडी एकमेकांवर कलम केली तर शरीर तिला चटकन परकी ठरवत नाही, हेही त्याच सुमारास दिसलं. दहा-बारा हजार वर्षांपूर्वी ही जात नामशेष होता होता वाचली आणि थोडक्या जनावरांपासून पुन्हा वाढली, असा त्याचा अर्थ लावला जातो. हे सगळं खरं आहे. पण रानातल्या नराचं वीर्यही असंच असतं, आणि तरी रानातली मादी एक वेत गमावलं की काही आठवड्यांत पुन्हा गाभण राहते. म्हणजे वीर्य दोन्हीकडे सारखं आणि फळ मात्र वेगळं. तेव्हा खोट शोधायची ती आपण दिलेल्या जागेत आणि संगतीत.

नराबद्दल एवढं सांगून पुढे जातो: त्याच्यावरही परिस्थितीचा परिणाम होतोच. प्रेक्षकांसमोर ठेवलेल्या आणि बऱ्याच माणसांच्या हाताखालून जाणाऱ्या नरांत हलते शुक्राणू कमी मिळतात, हे अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं आहे. भाऊ भाऊ जन्मभर एकत्र राहिले तर चालतं. रानातही नर टोळी करूनच राहतात. मादीचं तसं नाही. पिल्लं सोबत असतील तेवढाच काळ काय ती तिला संगत असते, एरवी ती एकटी.

आणि नेमका इथेच आपण घोळ घालतो. जागा कमी म्हणून किंवा लहानपणापासून बरोबर वाढल्या म्हणून दोन-तीन माद्या एकाच आवारात ठेवल्या जातात. २००२ साली नादिया विएल्बनोव्स्की आणि सहकाऱ्यांनी विष्ठेतली संप्रेरकं मोजून दाखवलं, की जोडीने ठेवलेल्या माद्यांची अंडाशयं दीर्घकाळ थंडावू शकतात, आणि त्यांना वेगळं केल्यावर माजाची चक्रं लवकरच पुन्हा सुरू होतात. ज्यांच्यात तेढ होती त्यांच्यात हे ठळक होतं. ही तेढ नेहमी पंजे मारून दिसत नाही. एक मादी उठली की दुसरी उठते, उंच ओट्यावर कायम एकच बसते, एक जण पाण्याकडे निघाली की दुसरी वाटेत येऊन नुसती बघत राहते. कुंपणाबाहेरून हे प्रेमळ बहिणींचं चित्र वाटतं. दोघींची विष्ठा तपासली की एकीचं इस्ट्रोजेन, म्हणजे माजाचं संप्रेरक, महिनोन्‌महिने सपाट दिसतं.

म्हणून पहिली मागणी ही: मादी दीड ते दोन वर्षांची झाली की तिला स्वतःचं आवार द्या. शेजारी दुसरी मादी दिसू नये. जाळीवर गवती चटई किंवा फळ्यांचा आडोसा केला तरी फरक पडतो, पण अंतर ठेवता आलं तर ते अधिक बरं. नरांची आवारं तिच्या नेहमीच्या वावरापासून दूर हवीत. सतत डोळ्यांसमोर असलेला नर तिला नर वाटेनासा होतो. एकत्र वाढवलेले नर-मादी तर पुढे एकमेकांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, भावंडांसारखे राहतात.

आता माजाबद्दल. चित्त्याला ठरावीक हंगाम नाही. चक्र सरासरी बारा ते चौदा दिवसांचं. पण कुणाचं आठवड्याचं, कुणाचं महिन्याचं, आणि मधूनच अंडाशय काही आठवडे किंवा महिने विनाकारण शांत बसतात. मादी समागमाशिवाय सहसा बीजांड सोडत नाही. माज पुष्कळदा मुका असतो. लोळणं, गाल घासणं, कुंपणावर मूत्र उडवणं, चिवचिवणं यांतलं काही दिसेल, काही नाही. चांगली नजर असलेला माणूसही यात फसतो, त्यात त्याचा दोष नाही. फसत नाही तो नर.

नराकडून माज ओळखायची पद्धत अशी. नर आणि मादी यांच्या आवारांना जोडणारी एक लांब गल्ली हवी, दोन्ही टोकांना सरकते दरवाजे. मादीला आतल्या खोलीत घ्या आणि नराला तिच्या रिकाम्या आवारात सोडा. तिने मूत्र टाकलेल्या जागा तो हुंगत फिरेल. काही मिनिटांत कंटाळून आडवा झाला तर आज काही नाही. पण त्याने एका जागी नाक खुपसलं, मान वर करून तोंड किंचित उघडं ठेवलं आणि अडखळत, तुटक तुटक भुंकायला सुरुवात केली, भुंकत भुंकतच फेऱ्या घालू लागला, तर ती माजावर आहे किंवा येते आहे. हे भुंकणं एकदा ऐकलं की पुन्हा चुकत नाही. किती मिनिटं भुंकला ते लिहून ठेवा. रोजच्या आकड्यांत चढ दिसला की तयारीला लागा.

त्यानंतर त्यांची जाळीआडून भेट. मादीला गल्लीतून चालू द्या आणि दोन-तीन वेगवेगळे नर जाळीपलीकडे असू द्या. ती कुणापुढे थांबते, कुणाला फिस्कारून पुढे जाते, हे तिचं तिला ठरवू द्या. वंशावळीत पहिल्या क्रमांकाचा नर तिला नको असेल तर दुसऱ्या-तिसऱ्याचा पर्याय हाताशी हवा. कागदावर सर्वोत्तम ठरलेल्या आणि कधीच न जुळणाऱ्या जोडीपेक्षा जुळणारी तिसऱ्या क्रमांकाची जोडी जातीच्या जास्त उपयोगाची, असं आमचं ठाम मत आहे. ती जाळीला अंग घासत असेल, लोळत असेल, पुढचा भाग खाली टेकवून शेपटी बाजूला करत असेल, तरच दरवाजा उघडायचा.

दरवाजा उघडताना दोघांची पोटं भरलेली असावीत आणि आवारात मांसाचा तुकडाही नसावा. निसटायला किमान दोन वाटा हव्यात. कोपरा असलेल्या लहान जागेत भेट घालू नका. पाण्याचा जोरदार पाइप आणि मोठी फळी घेऊन दोन माणसं तयार हवीत. एका वेळी एकच नर. भाऊ एकत्र राहतात म्हणून दोघांना एकदम सोडणं हा धोक्याचा खेळ आहे. २०२३च्या मे महिन्यात कुनोच्या कुंपणात दक्षा ही मादी दगावली, ती समागमासाठी सोडलेल्या टोळीतल्या नरांशी झालेल्या झटापटीतच. एखादी चापट, थोडा पाठलाग हे चालायचंच. नर मानेला धरून सोडतच नसेल, मादी उताणी पडून किंचाळत असेल, तर लगेच वेगळे करा. समागम मिनिटभराचा असतो आणि बहुधा रात्री किंवा पहाटे होतो, म्हणून अंधारात दिसणारा कॅमेरा लावा. दोन-तीन दिवसांत दोघांचा रस संपला की नर बाहेर काढा. पुढे एकत्र ठेवून काही मिळत नाही. उलट ओळख शिळी होते.

समागम दिसला तो दिवस शून्य धरा. इथून पुढे सगळ्यांत जास्त गल्लत होते ती खोट्या गाभणपणाची. बीजांड सुटलं पण गर्भ धरला नाही, तरी प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं संप्रेरक, चढतं आणि पन्नास-पंचावन्न दिवस चढलेलंच राहतं. खरी गाभण मादी साधारण ९०-९५ दिवसांनी विते. म्हणजे चाळिसाव्या दिवशी संप्रेरक वर आहे म्हणून पेढे वाटू नयेत. विष्ठेचे नमुने आठवड्यातून तीनदा तरी गोळा करा, दिवस आणि नाव लिहून उणे वीस अंशांवर गोठवा. आवारात एकाहून जास्त जनावरं येत-जात असतील तर एकीच्या मांसात विषारी नसलेली रंगीत चमकी मिसळा. विष्ठेत ती लखलखते आणि कुणाची कुठली हा वाद मिटतो. साठाव्या दिवसानंतरही प्रोजेस्टेरॉनचे अंश खाली आले नाहीत तर गाभण समजा. मादीला शांतपणे कुशीवर झोपून पोट दाखवायची सवय लावली असेल तर महिन्याभरातच सोनोग्राफीत गर्भ दिसतात. भूल देऊन ही तपासणी करू नका, तेवढी घाई कशालाच नसते.

खोटी गाभण निघाली तरी खचू नका. बीजांड सुटलं, म्हणजे अर्धं काम झालं. पण तीच मादी त्याच नराबरोबर तीनदा खोटी गाभण राहिली, तर नराचं वीर्य आणि मादीचं गर्भाशय दोन्ही तपासायची वेळ आली आहे.

गर्भाशयाचं नाव निघालं म्हणून वयाचा मुद्दा इथेच मांडतो, कारण या पत्रातली सगळ्यांत तातडीची गोष्ट तीच आहे. अ‍ॅड्रिएन क्रोझियर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुण, मध्यमवयीन आणि नऊ वर्षांवरच्या माद्यांची तुलना केली. वयस्क माद्यांची अंडाशयं औषधांना प्रतिसाद देत होती आणि बीजांडंही चांगली होती. बिघडलेलं होतं ते गर्भाशय. अस्तर जाड झालेलं, त्यात पाण्याच्या गाठी, कुठे सूज. कधीच न व्यालेल्या मादीत चक्रामागून चक्र आणि खोट्या गाभणपणामागून खोटं गाभणपण त्या अस्तरावरून जात राहतं आणि ते झिजण्याऐवजी वाढत जातं. आठ वर्षांनंतर नैसर्गिक समागमातून वेत मिळण्याची आशा फार थोडी उरते. तेव्हा पहिलं वेत तिसऱ्या-चौथ्या वर्षी व्हावं असा बेत हवा. सहाव्या वर्षी न व्यालेली मादी ही आणीबाणी समजा. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे तिच्याबाबतीत म्हणूच नका.

पिल्लं नकोतच, असा काळ आला तर गर्भनिरोधक निवडतानाही हेच गर्भाशय डोळ्यांपुढे ठेवा. प्रोजेस्टेरॉनसारखी कृत्रिम औषधं मार्जारकुळात गर्भाशयाचे आणि स्तनाचे विकार वाढवतात. डेस्लोरेलिनची कातडीखाली बसवायची कांडी त्या मानाने सुरक्षित आहे आणि नरालाही देता येते; मात्र तिचा असर किती महिने टिकेल याची खात्री नसते, आणि मादीत ती सुरुवातीला माजच आणते. तोवर नर दूर ठेवावा लागतो.

विण्याची तयारी पंधरा दिवस आधी पूर्ण हवी. दोन वेगवेगळ्या जागी दोन गुहा द्या, कारण आई पिल्लं हलवते. हलवायला दुसरी जागा नसली की ती पिल्लू तोंडात धरून तासन्‌तास फिरते आणि मानेवर जखमा होतात. आत कोरडं गवत, कॅमेरा आणि काळोख. त्या महिन्यात बांधकाम नको, रंगकाम नको, नवा कर्मचारी नको. ९६-९७ दिवस उलटले किंवा जोरात कळा देऊनही दोन तासांत पिल्लू आलं नाही तर पशुवैद्याला बोलवा. एरवी हात लावू नका. तीन-चार दिवसांनी आई आपणहून खायला बाहेर आली की पहिली वजनं घ्या, हातमोज्याला तिच्याच गवताचा वास चोळून. आईजवळचं पिल्लू दिवसाला चाळीस-पन्नास ग्रॅम वाढतं. सलग दोन दिवस वजन अडलं की काहीतरी बिनसलंय.

एकच पिल्लू झालं तर? हा प्रश्न तुम्हाला पडेलच. एका पिल्लाच्या चोखण्याने बऱ्याच माद्यांचं दूध टिकत नाही आणि आई त्याला सोडून देते. उत्तम उपाय म्हणजे त्याच सुमारास व्यालेल्या दुसऱ्या मादीच्या वेतात ते मिसळणं. ती बाहेर असताना तिच्या गुहेतलं ओलं गवत पिल्लाला चोळा, तिच्या पिल्लांच्या मधोमध ठेवा, आणि ती परत आल्यावर चाटते की नाही ते कॅमेऱ्यावर बघा. यासाठी दोन माद्या एकाच आठवड्यात जुळवाव्या लागतात, आणि म्हणूनच एका केंद्रात दोनच चित्ते ठेवून प्रजनन साधत नाही. बाटलीवर वाढवणं हा शेवटचा उपाय. दिवसाचं दूध वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर नको, एका वेळी विसाव्या हिश्श्याच्या वर नको. घाईने पाजलेलं दूध फुप्फुसात जातं. पाजल्यानंतर कोमट ओल्या कापसाने ढुंगण पुसल्याशिवाय ते मूत्र-विष्ठा करत नाही. आणि माणसात एकटं वाढलेलं पिल्लू पुढे जोडीदार म्हणून कितपत निभावेल, ही धास्ती राहतेच.

पिल्लं मिळवायची तर आई निरोगी हवी, आणि बंदिवासातल्या चित्त्याचं दुखणं सहसा आतून पोखरणारं असतं. लिंडा मन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवविच्छेदनांतून त्याचा नकाशाच काढला: जठराची जुनाट सूज, मूत्रपिंडाच्या गाळण्या घट्ट होणं, यकृताच्या बारीक शिरा बुजणं, मूत्रपिंडात अ‍ॅमिलॉइड नावाचं बिघडलेलं प्रथिन साचणं. नामिबियातल्या रानच्या चित्त्यांत हे विकार क्वचित आढळले. जठरातले हेलिकोबॅक्टर जंतू त्यांच्यातही होते, पण सूज तशी नव्हती. करेन टेरियो यांच्या अभ्यासात बंदिवासातल्या जनावरांच्या विष्ठेत ताणाचं संप्रेरक जास्त निघालं आणि त्यांच्या अधिवृक्क ग्रंथीही मोठ्या. जागा आणि संगत यांचा धागा इथेही येऊन मिळतो. जी मादी ताणामुळे माजावर येत नाही, तीच काही वर्षांनी उलट्या करत वाळत जाते.

अ‍ॅमिलॉइडबद्दल एक गोष्ट कर्मचाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावी. हा रोग विष्ठेवाटे एका चित्त्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो असा पुरावा २००८ साली जपानी संशोधकांनी मांडला. आजारी जनावराची विष्ठा रोजच्या रोज उचला, त्याचं फावडं वेगळं ठेवा, आणि त्या आवारात प्रजननाची मादी ठेवू नका.

खाण्याचं थोडक्यात. नुसतं मऊ मांस म्हणजे भरपूर फॉस्फरस आणि नगण्य कॅल्शियम. वाढत्या पिल्लांची हाडं वाकतात, तडकतात. कातडी, हाडं, कुर्च्यांसकट आख्खं सावज आठवड्यातून काही वेळा तरी द्या. न पचणारा तो भाग मोठ्या आतड्यात तंतूंसारखं काम करतो आणि सडण्याच्या प्रक्रियेतून निघणारी घातक द्रव्यं कमी होतात. सोयाबीन घातलेल्या तयार खाद्यातले इस्ट्रोजेनसारखे घटक वंध्यत्वाचं आणि यकृतरोगाचं कारण असावेत, असा इशारा १९८७ सालीच दिला गेला होता. खाद्याच्या पिशवीवरची घटकयादी खरेदी विभागाने नव्हे, पशुवैद्याने वाचावी.

लसींत जिवंत विषाणूंची कमजोर केलेली लस चित्त्याला टाळा. मृत विषाणूंचीच वापरा. मांजराच्या नागिणीच्या विषाणूकडे विशेष लक्ष द्या. आईकडून पिल्लांना डोळ्यांची आणि नाकाची लागण होते, आणि ताणाखालच्या प्रौढांत कातडीवर न भरणारे व्रण उठतात. समागमाआधी आईची लस पुरी करा. मांजराच्या कोरोना विषाणूची तपासणी करून घेतल्याशिवाय नवं जनावर आत घेऊ नका. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ओरेगॉनमधल्या एका कळपात त्या विषाणूने आणलेल्या पोटाच्या रोगाने निम्म्याहून जास्त चित्ते नेले. सारख्याच जनुकांच्या जनावरांत रोग शिरला की तो कुणापाशी अडत नाही.

शेवटी कृत्रिम मार्गांकडे. पोटात घालायच्या दुर्बिणीने थेट गर्भाशयात रेतन करून १९९१ साली चित्त्याची पिल्लं झाली. १९ फेब्रुवारी २०२० रोजी कोलंबस प्राणिसंग्रहालयात भ्रूण प्रत्यारोपणातून पहिल्यांदाच दोन पिल्लं जन्मली. बीजांडं साडेसहा वर्षांच्या किबीबीची, गर्भाशय तरुण इझीचं. वयाचा जो प्रश्न वर मांडला, त्यावरचं हे खरं उत्तर आहे, आणि आम्ही त्याच्या पूर्ण बाजूने आहोत. पण त्याआधी रेतनातून शेवटची पिल्लं होऊन सतरा वर्षं लोटली होती, आणि संप्रेरकांची तीच इंजेक्शनं वारंवार दिली की शरीर त्यांना दाद देईनासं होतं. गोठवलेल्या वीर्यात वितळल्यावर शुक्राणूंच्या टोप्या फाटतात, हाल अजून मिटलेले नाहीत. मोठ्या म्हाताऱ्या माद्यांची बीजांडं आणि रानच्या नरांचं वीर्य वाया जाऊ नये म्हणून प्रयोगशाळा हवीच. तीन वर्षांच्या धडधाकट मादीसाठी मात्र आधी एक आवार रिकामं करून द्या.

म्हणून विनंती: जोड्या ठरवायच्या येत्या बैठकीच्या कागदावर प्रत्येक मादीच्या नावापुढे चार रकाने वाढवा. आजचं वय वर्षं आणि महिन्यांत. एकटी कधीपासून आहे ती तारीख. गेल्या तीन महिन्यांत विष्ठेचे किती नमुने तपासले. तिने जाळीपाशी कोणत्या नरांना होकार दिला. ज्या मादीचा दुसरा रकाना कोरा असेल तिची जोडी त्या दिवशी ठरवू नका, तिची जागा ठरवा.

आपले,
मार्जारकुळातल्या प्राण्यांच्या प्रजननावर काम करणारे काही पशुवैद्य व जीवशास्त्रज्ञ